अण्णांच्या फ्रिजमधले खडे

माणसाच्या अंगात पित्ताशय नेमकं कुठे असतं, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. ते मला अण्णांनी दाखवलं. पेरू कापता कापता त्यांनी सुरीचं टोक माझ्या उजव्या बरगडीखाली टेकवलं आणि म्हणाले, "इथं. हलू नको. खोल श्वास घे. दुखतं?"

पोटाला सुरी लागलेली असताना खोल श्वास घेणं किती अवघड असतं, हे ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. मी अर्धाच घेतला आणि म्हणालो, "नाही."

"मग पास." त्यांनी त्याच सुरीने पेरूची फोड माझ्या हातावर ठेवली. "आजच्यापुरता हं. उद्याचं उद्या बघू."

आज अण्णा नाहीत. त्यांच्या स्वतःच्या उजव्या बरगडीखाली जे साठलं होतं, त्यानेच त्यांना नेलं. आणि ही नेण्याची तयारी चाललेली असताना मी त्यांच्या समोर बसून लिंबं पिळत होतो. हे मी अलंकारिक बोलत नाहीये. खरोखरची लिंबं, खरोखरचा मी.

बाळोजीराव त्यांचं नाव. एचएसआर लेआउटमध्ये ते माझे घरमालक. खाली ते आणि त्यांच्या पत्नी कमलाक्का, वर भाडेकरू मी. एचएसआरमध्ये संगणकवाले यायच्या कितीतरी आधी अण्णांनी ही साइट घेऊन ठेवलेली. साइट म्हणजे आपला प्लॉट. बेंगळुरूत जमिनीला साइटच म्हणतात. त्यांचं घराणं कुठल्याशा फौजेबरोबर साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे उतरलेलं. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या मराठीला किंचित हसलो, तर म्हणाले, "हस की. आम्ही घोड्यावर बसून इकडं निघालो तेव्हा तुमचं पुणं स्वल्पच होतं." स्वल्प म्हणजे थोडंसं, एवढं कन्नड मला त्या दिवशी आलं. तेव्हापासून माझं नाव त्यांच्या तोंडी "पुणेकर" असंच राहिलं.

नोकरी त्यांनी यंत्रं बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात केली, तीही इन्स्पेक्शन खात्यात. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेली वस्तू हातात घ्यायची, मापाचं गेज लावायचं आणि नको म्हणायचं. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण नको म्हणण्याची सवय काही सुटेना. मापं घ्यायचा व्हर्नियर त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनासारखा अडकवलेला असे. मंडईत पेरूला लावत. कमलाक्कांची इडली ताटात पडली की कड निरखून म्हणत, "एकसारखी नाही."

"मग सँडपेपर आणा," अक्का आतून म्हणत.

"डोळ्याला बरं दिसलं म्हणून पास करायचं नाही, गेज लावायचं," हे त्यांचं वाक्य दिवसातून एकदा तरी यायचंच. आणि त्यांच्या लेखी जगात तीनच प्रकारचा माल होता: पास, रिवर्क आणि स्क्रॅप. चांगला तो पास, घासूनपुसून सुधारता येईल तो रिवर्क, आणि फेकायचा तो स्क्रॅप. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात रिवर्कमध्ये टाकलं.

त्याला कारण माझं पोट. मी तेव्हा आउटर रिंग रोडवर बेळ्ळंदूरला नोकरीला जात होतो. तिथला ट्रॅफिक सोसून घरी आलं की माणूस स्वतःला बक्षीस देतो. मी बिर्याणी देत होतो. अण्णा गेटवरच पिशवीचा वास घेत आणि वर बघून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत, "पुणेकर! रिजेक्ट!" आणून देणारा गोंधळून मला फोन करी, की साहेब, खाली तुमचे वडील नको म्हणतायत. शेवटी मी शरण गेलो. दिवस मावळायच्या आत जेवायचं, घास चावून चावून खायचा, जेवल्यावर तळ्याच्या बाजूने चालायचं, लोण्याचा डोसा फक्त रविवारी. महिनाभरात माझी जुनी ॲसिडिटी गेली आणि पट्ट्याला आत एक नवं भोक पाडावं लागलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अण्णांचं सगळंच चुकीचं होतं असं म्हणणं सोपं आहे. माझ्या पोटाच्या बाबतीत ते बरोबर होते, आणि म्हणूनच पुढे मी त्यांच्या प्रत्येक गोष्टीवर मान डोलावली.

स्वतः अण्णांचं दुखणं आधीपासूनचं होतं. एखाद्या लग्नात जेवून आले की उजव्या बाजूला कळ उठायची, ती खांद्यापर्यंत चढायची. सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, पित्ताशय काढून टाकू, छोटं ऑपरेशन आहे, त्याच्यावाचून माणूस मजेत जगतो.

"आरशावाचून ऑटोही मजेत चालते डॉक्टर," अण्णा म्हणाले, "मागून कोण येतंय ते कळत नाही, एवढंच." घरी आल्यावर मला म्हणाले, "बनवणाऱ्यानं असेंब्लीत जास्तीचा पार्ट घालून ठेवलाय म्हणतो. कधी ऐकलंस असं? ऑपरेशन म्हणजे स्क्रॅप, बा. आपण रिवर्क करायचं."

रिवर्क सुरू झालं. सकाळी कुळथाचं कढण, ज्याला ते हुरळी म्हणत. मग नेलनेल्ली, म्हणजे आपली भुईआवळी, मुळासकट वाटून ताकातून. मुळ्याचा रस, बिटाचा रस. दुपारी पोटावर एरंडेलात भिजवलेलं जुनं लुगडं बांधून पडायचे. घराला एक कोमट, जुना, तेलकट वास धरला. अक्का म्हणाल्या, "ह्यांना तळायचं तेवढं राहिलंय आता."

कळा कमी झाल्या का? झाल्याही असतील, तळकट सुटलं होतं. पण अण्णांना कमी झाल्याचं समाधान नव्हतं. त्यांना माल बाहेर पडलेला बघायचा होता. मग एक दिवस मोबाइलवर कुणी पांढऱ्या कपड्यातला माणूस सापडला. काही दिवस सफरचंदाचा रस, मग जुलाबाचं मीठ, मग पेलाभर ऑलिव्ह तेल आणि तितकाच लिंबाचा रस एका दमात, आणि उजव्या कुशीवर निजायचं. सकाळी खडे आपोआप पडतात म्हणे. अण्णांनी इथल्या, बेंगळुरूच्या शिवाजीनगरला जाऊन एका जुन्या दुकानातून मीठ आणि तेलाचा डबा आणला. आणि खडे पडले! हिरवेगार, गोल, वाटाण्यापासून सुपारीपर्यंत. अण्णांनी ते चाळणीत धुतले, एकेकाला व्हर्नियर लावला, काचेच्या बरणीत भरले आणि फ्रिजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी ठेवले. "बाहेर ठेवले तर मऊ पडतात," म्हणाले. अण्णांसारख्या माणसाने हे वाक्य उच्चारलं आणि तो तिथेच थांबला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. आयुष्यभर गेज लावलेला माणूस. त्याने खड्याचं माप घेतलं, पण ते मऊ पडणारं काय आहे, हे विचारलं नाही.

मी तर त्याहून पुढचा. माझा फ्रिज बिघडला होता म्हणून दूध त्यांच्याकडे ठेवायचो. एका सकाळी बरणी दिसली. परदेशी ऑलिव्ह असावेत असं समजून मी दोन टोस्टवर ठेवले, छान दाबून पसरले आणि विचारलं, "अक्का, मीठ कुठंय?" अक्कांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. अण्णांना राग आला, पण वेगळाच. "मोठेच दोन घेतलेस रे!" 

त्या बरणीला पुढे मोठं भाग्य आलं. संध्याकाळी पार्कातल्या बाकांवर अण्णा ती घेऊन जायचे, बर्फाच्या पिशवीत. निवृत्त मंडळी जमायची. अण्णा पद्धत समजावून सांगायचे आणि लोक ऐकायचे, कारण ह्या माणसाने कधीही कशाला सहजासहजी पास म्हटलेलं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यातले नंजुंडप्पा म्हणून एक बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनाही खडे, त्यांची ऑपरेशनची तारीख ठरलेली. त्यांनी ती रद्द केली आणि अण्णांचे पाय धरले. अण्णांनी पाय मागे घेतले, पण चेहरा उजळला होता, तो मी पाहिला.

उन्हाळा लागला आणि अण्णा खाजवायला लागले. आधी तळवे, मग पाठ. स्टीलची पट्टी पाठीत घालून खाजवत बसत. म्हणत, "विष बाहेर पडतंय." लघवी चहासारखी होतेय, हे अक्कांनी मला सांगितलं, अण्णांनी स्वतः सांगितलं असतं तर त्यालाही ते विषच म्हणाले असते. भूक गेली. एकदा तळ्याकडे चालत गेलो तर पाण्यावर फेसाचे पांढरे ढीग उभे होते, वाऱ्याने एखादा तुटून रस्त्यावर यायचा. अण्णा कठड्याला टेकून बघत राहिले. "सगळ्या गावाचा साबण," म्हणाले, "आत दाबून ठेवलं की असं कुठूनतरी वर येतंच." तेवढ्यात फेसाचा एक गोळा त्यांच्या चपलेवर येऊन बसला. त्यांनी पाय झटकला. तो जाईना.

परतताना दिवाबत्तीच्या उजेडात मला त्यांचे डोळे दिसले. मी स्वतःला सांगितलं, दिवाच पिवळा आहे.

अक्कांनी मात्र स्वतःला काही सांगितलं नाही. त्यांनी एक बॅग भरून दाराशी ठेवली: लुंगी, टॉवेल, तांब्या, सोनोग्राफीचे फोटो. जातायेता अण्णा ती ओलांडत. एकदा अक्का जिन्यावर मला थांबवून, कन्नडातला आदराचा "री" लावून म्हणाल्या, "तुमचं ऐकतात ते. सांगा ना री तुम्ही." मी म्हणालो, "अक्का, पण खडे तर निघतायत ना?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दूध सांडणाऱ्या मांजराकडे बघावं तसं. मग खाली गेल्या.

अण्णांनी शेवटचा, सगळ्यात मोठा डोस ठरवला. मीही घेतो म्हणालो. का म्हणालो? एक तर सोबत, आणि दुसरं, पोट आणखी थोडं उतरलं तर हवं होतं. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी लिंबं पिळली. अण्णांनी पेला उचलला तेव्हा डावा हात बरगडीखाली दाबून धरलेला होता. तेल घशाखाली उतरताना त्यांनी डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. अक्का देवघरात होत्या. घंटा वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यशस्वी झालो. इतके खडे, इतके मोठे, की शाळेत कधी न मिळालेला पहिला नंबर मला आता मिळाला असं वाटलं. चटणीच्या प्लास्टिकच्या डबीत भरून मी गच्चीवर पळत गेलो. अण्णा भर उन्हात घोंगडी लपेटून खुर्चीत बसले होते आणि त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते. डोळे हळदीच्या पाण्यासारखे. आता दिव्याला दोष देता येत नव्हता. 

तरी त्यांनी हात पुढे केला, डबी घेतली, व्हर्नियर लावला. "माझ्यापेक्षा मोठे रे," म्हणाले. आवाजात जरा खट्टूपणा होता.

मी खुशीत येऊन बोललो, "आणि गंमत बघा अण्णा, गेल्याच महिन्यात ऑफिसच्या तपासणीत माझी सोनोग्राफी झाली. त्या लोकांना एकही दिसला नाही! पित्ताशय स्वच्छ म्हणे."

व्हर्नियर थांबला.

"काय म्हणालास?"

"स्वच्छ. रिपोर्ट आहे ना मोबाइलमध्ये."

"दाखव."

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन वाचला. परत वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगल्या मालात गेज डिफेक्ट दाखवायला लागलं, तर चुकलेलं काय असतं?"

"माल?"

"गेज, मूर्खा. गेज."

त्यांनी खालून बरणी मागवली. स्टीलच्या ताटलीत एक त्यांचा खडा ठेवला, एक माझा. ऊन रणरणत होतं. आम्ही बघत बसलो. आधी दोन्ही खडे घामेजले. मग बसके झाले. मग त्यांच्या कडेने हिरवट तेल सुटलं आणि हळूहळू एकमेकांत मिसळलं. त्यांचा कुठला, माझा कुठला, कळेना. अण्णांनी बोट बुडवून चोळलं, वास घेतला, तांब्यातलं पाणी टाकून पुन्हा चोळलं. बोटांवर फेस आला.

"साबण," ते म्हणाले. "तेल, लिंबू, पोटातला रस. आपणच आत साबण केला आणि आपणच मोजत बसलो."

"मग तुमचे खरे खडे?"

त्यांनी घोंगडीतून हात काढून बरगडीखाली ठेवला.

अक्का जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या माहीत नाही. "ऑटो बोलवू?"

"बोलव," अण्णा म्हणाले. "चारला."

"चारला का? आत्ता चला ना!"

"पार्क चारला उघडतं."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी दात आवरत समजावलं. कारखान्यात एखादं गेज खोटं निघालं, तर त्या गेजनं आजवर जे जे पास केलं ते सगळं परत बोलवायचं, गाडीत चढलं असलं तरी, गावाबाहेर गेलं असलं तरी. आणि ते बोलवायचं काम, ज्याचा शिक्का त्याच्यावर बसलाय, त्याचंच.

"मी सांगतो ना सगळ्यांना," मी म्हणालो. "नाहीतर फोन करू."

"फोनवर लोक हो म्हणतात आणि ठेवतात. आणि तुझं कोण ऐकणार रे? तू माझे खडे टोस्टला लावलेला माणूस."

अक्का हसल्या नाहीत. त्या त्यांच्या पायाशी बसल्या आणि कन्नडमध्ये, मराठीत, पुन्हा कन्नडमध्ये विनवत राहिल्या. त्यांच्या भांडणांत अक्का नेहमी जिंकायच्या. त्या दिवशी त्या हरल्या. मधूनच थंडीची लाट यायची आणि खुर्चीचे पाय गच्चीच्या फरशीवर खडखडत. मी दोनदा ऑटो बोलावली, दोनदा अण्णांनी परत पाठवली. डॉक्टर नंतर म्हणाले, खडा नळीत अडकला होता, पू रक्तात गेला होता. सकाळीच आणलं असतं तर...

चारला आम्ही निघालो. पार्काच्या फाटकाशी ऑटो उभी करून अक्का बॅग मांडीवर घेऊन आतच बसल्या. अण्णा घोंगडीसकट उतरले. मी दंड धरला तर दंड तव्यासारखा तापलेला.

ते बाकाबाकाला गेले. प्रत्येकासमोर उभे राहिले, बसले नाहीत. एकच सांगत होते: मी सांगितलं ते चूक होतं, ते खडे नव्हते, साबण होता, तुमचे खडे आतच आहेत, उद्या डॉक्टरकडे जा. लोक त्यांच्या डोळ्यांकडे बघत आणि घाईघाईने "सरी अण्णा, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत. एक बाई रडायला लागल्या. अण्णा त्यांना म्हणाले, "रडू नका री, फक्त जा."

नंजुंडप्पा शेवटच्या बाकावर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्याने हसले. "अण्णा, ताप डोक्यात गेलाय तुमच्या! माझे निघाले ते मी ह्या डोळ्यांनी बघितले की!" त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. चाळणीत हिरवे गोळे. मग त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली, नेलनेल्लीचा रस, घरून रोज वाटून आणायचे तो. टोपण उघडून अण्णांच्या तोंडासमोर धरली. "कावीळ झालीय तुम्हाला. घ्या. तुम्हीच शिकवलंत ना मला? घ्या, उतरेल."

अण्णांनी बाटली हातात घेतली. क्षणभर मला वाटलं, पितात की काय. त्यांनी ती पुन्हा नंजुंडप्पांच्या हातात दिली, त्यांचं मनगट धरलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. तेल, लिंबू, साबण. मध्ये शब्द तुटत होते. फाटकातून अक्कांची हाक आली. मग दुसरी, जी हाकेसारखी नव्हती. 

नंजुंडप्पांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं, हे इथेच सांगून टाकतो. पण ते त्या दिवशी पटलं म्हणून नव्हे. दोन दिवसांनी अण्णांची बातमी आली, म्हणून.

अण्णांनी मनगट सोडलं. मी त्यांना जवळजवळ उचलूनच ऑटोपर्यंत नेलं आणि मागोमाग चढायला लागलो, तर त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवून मला बाहेर ढकललं. त्या हातात अजून तेवढी ताकद होती.

"तू इथंच थांब."

"अण्णा, अहो दवाखान्यात..."

"अक्का आहे. नंजुंडप्पाला पटलं नाही अजून. जा."

ऑटो सुटली. मी वळलो तर नंजुंडप्पा बाटली घेऊन माझ्या मागेच आलेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, समजूत घातल्यासारखा, आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुम्हीही केलंत म्हणे काल. तुमचे केवढे निघाले हो?"

मी रस्त्याकडे पाहिलं. ऑटो कोपऱ्यावर गाड्यांच्या रांगेत अडकली होती. अण्णांनी घोंगडीतून डोकं बाहेर काढून मागे वळून पाहिलं. आतून अक्का त्यांना दंडाला धरून ओढत होत्या आणि ते हलत नव्हते. माझ्याकडे ते बघतच नव्हते. ते नंजुंडप्पांकडे बघत होते, पिवळे डोळे बारीक करून, आणि रांग पुढे सरकली तरी तसेच बघत राहिले.